शिनाणीचा जमाखर्च

स्पेनच्या वायव्य कोपऱ्यात गॅलिसिया नावाचा प्रांत आहे. तिथे समुद्र जमिनीत चांगला आतपर्यंत शिरलेला आहे. या लांबट, खोल खाड्यांना तिथले लोक 'रिया' म्हणतात. त्यांतली सगळ्यांत मोठी अरोसाची रिया. काठावरच्या टेकडीवर उभं राहून खाली पाहिलं, तर पाण्यावर काळसर चौकोन रांगेने मांडलेले दिसतात. हे लाकडी तराफे, स्थानिक भाषेत 'बातेआ'. निलगिरीच्या ओंडक्यांची चौकट, ती तरंगत राहावी म्हणून खाली पोकळ पिंपं, आणि चौकटीवरून पाण्यात सोडलेले शेकडो दोर. गॅलिसियात असे साधारण 3300 तराफे आहेत आणि त्यांतले दोनतृतीयांश एकट्या अरोसात. चांगल्या वर्षी या दोरांवरून दोन ते अडीच लाख टन पीक निघतं.

हे पीक म्हणजे एक शिंपला. काळपट निळा, पाचरीच्या आकाराचा, आत नारिंगी मांस असलेला. त्याचा एक भाऊबंद आपल्या किनाऱ्यावरच्या खडकांवरही असतो. गोव्यात त्याला शिनाण्यो म्हणतात. आपणही या प्रकरणात त्याला शिनाणीच म्हणू.

काढणीच्या दिवशी होडीवरची यारी एकेक दोर वर ओढते. पाणी गळत, चिखल आणि शेवाळ सांडत, माणसाच्या मांडीपेक्षा जाड असा शिनाण्यांचा झुबका वर येतो. आता दोन दोर शेजारी ठेवून पाहा. दोन्हींचं बी एकाच खडकावरून खरवडलेलं, दोन्ही एकाच आठवड्यात पाण्यात सोडलेले, तराफाही एकच. एक दोर ज्या बाजूने प्रवाह येतो तिथला, दुसरा प्रवाह जिथून बाहेर पडतो तिथला. पहिल्यावरच्या शिनाण्या भरलेल्या, दुसऱ्यावरच्या लहान आणि हलक्या. अंतर जेमतेम 20 मीटर.

कुणी खत घातलेलं नाही, चारा टाकलेला नाही. मग हा फरक आला कुठून? शिनाणीची वाढ आकड्यांत मांडण्याचा सगळा उद्योग या प्रश्नाभोवती उभा आहे. जमाखर्च मांडायला आपण एका शिनाणीपासून सुरुवात करू.

रोजची आवक, रोजचा खर्च

शिनाणी अन्नाच्या मागे जात नाही. आपल्या चिवट धाग्यांनी दोराला घट्ट धरून ती एका जागी बसते, शिंपा किंचित उघडते आणि कल्ल्यांवरच्या बारीक केसांच्या हालचालीने पाणी आत ओढते. त्या पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पती, म्हणजे वनस्पती-प्लवक, हे तिचं मुख्य जेवण. कल्ले एकाच वेळी श्वासाचं आणि चाळणीचं काम करतात.

पाच-सहा सेंटिमीटरची शिनाणी तासाला दोन-तीन लिटर पाणी सहज गाळते. आपण ठोकळ हिशेब करू. तासाला 3 लिटर आणि दिवसातले 20 तास शिंपा उघडा, म्हणजे 60 लिटर पाणी. एका शिनाणीमागे रोजच्या चार बादल्या.

त्या पाण्यात अन्न किती, हे पाहण्यासाठी शास्त्रज्ञ बहुधा हरितद्रव्य मोजतात. पाणी बारीक काचतंतूंच्या कागदातून गाळायचं, कागदावर उरलेला हिरवट थर अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवायचा आणि त्याची चमक यंत्रावर वाचायची. समजा लिटरमागे 3 मायक्रोग्रॅम हरितद्रव्य निघालं. त्याच्या साधारण 50 पट कार्बन धरला, तर लिटरमागे 150 मायक्रोग्रॅम. 60 लिटरमध्ये 9 मिलिग्रॅम. कार्बनच्या एका मिलिग्रॅममागे 40 ज्यूल ऊर्जा धरली, तर दिवसाची आवक झाली 360 ज्यूल. खाल्लेलं सगळं अंगी लागत नाही. दोनतृतीयांश पचलं असं धरू. जमेच्या बाजूला पडले 240 ज्यूल.

आता खर्च. शिनाणी काहीच न करता नुसती बसली तरी पेशी चालू ठेवायच्या, कल्ले हलवायचे, धागे विणायचे. हा खर्च तिने वापरलेल्या प्राणवायूवरून काढतात. या आकाराच्या शिनाणीसाठी तो दिवसाला 140 ज्यूल धरू. शिल्लक 100 ज्यूल. हीच वाढ.

आता पाण्यातलं अन्न एकतृतीयांशाने कमी करून पाहू, म्हणजे 3 ऐवजी 2 मायक्रोग्रॅम. आवक पचून 160 ज्यूल होते. खर्च मात्र तोच, 140. शिल्लक 20 ज्यूल. अन्न घटलं एकतृतीयांशाने आणि वाढ घटली पाच पटींनी! ज्याने ठरावीक पगारात घर चालवलं आहे, त्याला हे कोडं वाटणार नाही. भाडं, किराणा आणि शाळेची फी ठरलेली असते. पगारात थोडी कपात झाली, की सगळा घाव बचतीवर पडतो. दोन दोरांमधल्या फरकाचं अर्धं उत्तर इथे मिळालं. प्रवाहाच्या शेवटी अन्न थोडंच कमी असेल, पण वाढ त्या 'थोडं'वरच चालते.

प्रत्यक्षात आवक इतकी सरळ रेषेत चालत नाही. अन्न फारच विरळ झालं, की शिनाणी गाळणं आवरतं घेते. पाणी फार गढूळ झालं, की नको असलेले कण चिकट द्रवात गुंडाळून, पोटात न घेताच बाहेर टाकते. तापमानाचाही वाटा आहे. पाणी 10 अंशांवरून 20 अंशांवर गेलं, तर शरीरातल्या प्रक्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो. पण दुप्पट होतो तो दोन्ही बाजूंचा, आवकेचा आणि खर्चाचाही. उन्हाळ्यात ताटात भरपूर असेल तर ऊब ही चैन. ताट रिकामं असेल तर तीच ऊब कर्जाच्या व्याजासारखी अंगावर येते.

तोंड चौपट, पोट आठपट

मग अन्न भरपूर असेल, तर शिनाणी वाढतच राहील का? टोपलीएवढी शिनाणी कुणी पाहिलेली नाही. तिला कुठेतरी थांबावं लागतं, आणि का थांबावं लागतं याचं सुटसुटीत उत्तर लुडविग फॉन बर्टालान्फी या ऑस्ट्रियन जीवशास्त्रज्ञाने 1938 साली एका निबंधात मांडलं. त्याचा युक्तिवाद भूमितीचा आहे.

अन्न आत येतं ते पृष्ठभागावरून. कल्ले हा पृष्ठभाग आहे. खर्च होतो तो सगळ्या देहाचा, म्हणजे घनफळाचा. लांबी दुप्पट झाली, की पृष्ठभाग चौपट होतो आणि घनफळ आठपट. तोंड चौपट, पोट आठपट. लहानपणी आवक खर्चाच्या पुढे धावते, मग खर्च अंतर कापत येतो आणि एका लांबीला दोघं बरोबरीत येतात. तिथे वाढ संपते. आलेखावर ही रेषा सुरुवातीला झपाट्याने चढते आणि मग हळूहळू आडवी होते. मासे असोत वा शिंपले, वयावरून लांबी सांगण्यासाठी हे सूत्र आजही सर्रास वापरलं जातं.

दोर टांगणाऱ्याला मात्र ते पुरत नाही. ती गुळगुळीत रेषा जग वर्षभर सारखंच आहे असं मानते. खऱ्या शिनाणीची वाढ पायऱ्यापायऱ्यांनी होते. वसंतात झेप, हिवाळ्यात ठप्प, पुन्हा झेप. शिवाय शिंपा आणि मांस यांचं वागणं वेगळं. शिंपा एकदा वाढला की कमी होत नाही. मांस मात्र चार महिन्यांत भरतं आणि दोन महिन्यांत उतरतं. गिऱ्हाईक पैसे देतं ते मांसाचे. लांबी सांगणारं सूत्र नेमकं त्याबद्दल गप्प राहतं.

कोठार आणि कप्पा

ही अडचण सोडवणाऱ्या विचाराची सुरुवात 1979 साली नेदरलँड्समध्ये झाली. बास कोइमान हे तेव्हा विषारी द्रव्यांचा पाण्यातल्या बारीक जिवांवर काय परिणाम होतो, याचा अभ्यास करत होते. विष जिवाची वाढ कशी रोखतं, हे सांगायचं तर आधी वाढ मुळात कशी होते, हे सांगता आलं पाहिजे. त्यातून त्यांनी जो सिद्धांत उभा केला, त्याला गतिमान ऊर्जा अंदाजपत्रक असं म्हणता येईल. इंग्रजी आद्याक्षरांवरून सगळे त्याला 'डेब' म्हणतात. 1993 साली त्यावरचं त्यांचं पुस्तक आलं आणि त्याच वर्षी त्यांनी व एका सहकाऱ्याने हा सिद्धांत निळ्या शिनाणीला लावून दाखवला.

डेबमध्ये बर्टालान्फीची भूमिती आहेच. नवी आहे ती दोन खात्यांची सोय. शिनाणीचा देह एकसंध न मानता त्याचे दोन भाग करायचे: एक बांधकाम, दुसरं कोठार. पचलेलं अन्न थेट बांधकामाला जात नाही, आधी कोठारात पडतं. कोठारातून रोज ठरावीक प्रमाणात माल बाहेर निघतो आणि त्याचे दोन वाटे होतात. किती टक्के इकडे आणि किती तिकडे, हे 'कप्पा' या ग्रीक अक्षराने दाखवतात. योगायोगाने हे अक्षर मराठी कानाला अगदी बरोबर अर्थ सांगतं. एका कप्प्यातून शरीराची देखभाल आणि वाढ. दुसऱ्या कप्प्यातून वयात येणं आणि प्रजनन.

पहिल्या कप्प्यात देखभालीचा हक्क आधीचा. तो भागवून उरलं तर बांधकाम, नाही तर बांधकाम बंद. म्हणून हिवाळ्यात शिंप्याची लांबी जिथल्या तिथे राहते आणि कोठार रिकामं होत गेल्याने मांस मात्र उतरतं. दुसऱ्या कप्प्यात माल साठत राहतो आणि ऋतू आला, पाणी ऊबदार झालं, की अंडी व शुक्राणू पाण्यात सोडले जातात. काल भरलेली दिसणारी शिनाणी आज उघडली तर आत पातळ, निस्तेज पापुद्रा. व्यापारी नाक मुरडतो. जुन्या सूत्राला हे घसरणं दाखवताच येत नव्हतं. डेबमध्ये ते आपसूक येतं.

असं गणिती प्रारूप खरं की खोटं, हे संगणकाच्या पडद्यावर ठरत नाही. दर महिन्याला दोरावरून मूठभर शिनाण्या काढायच्या. कॅलिपरने लांबी मोजायची, मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शापर्यंत. धारदार सुरीने शिंपा उघडून मांस खरवडायचं, छोट्या वाटीत घालून भट्टीत 60 अंशांवर वाळवायचं आणि वजन स्थिर झालं की मिलिग्रॅममध्ये मांडायचं. इकडे प्रारूपाला द्यायचं फक्त सुरुवातीचं वजन, रोजचं तापमान आणि रोजचं अन्न. वर्षभराच्या शेवटी दोन रेषा एकमेकींवर ठेवायच्या: एक समीकरणाची, दुसरी भट्टीतून निघालेल्या वाट्यांची.

पंगतीच्या शेवटी

एकट्या शिनाणीचा हिशेब लागला. आता तिला तिच्या भाऊबंदांत बसवू.

गॅलिसियात एका तराफ्याला साधारण 500 चौरस मीटरची मर्यादा आहे. दोर जास्तीत जास्त 500 आणि प्रत्येक दोर 12 मीटर. म्हणजे एका तराफ्याखाली 6 किलोमीटर लांबीचं शेत उभं टांगलेलं. मीटरमागे 600 शिनाण्या धरल्या, तर झाल्या 36 लाख. प्रत्येकी 60 लिटर म्हणजे दिवसाला 2 लाख 16 हजार घनमीटर पाणी. तराफ्याखालचं एकूण पाणी मात्र 6 हजार घनमीटर. आपल्या खालचं सगळं पाणी हे तोंडांचं गाव 40 मिनिटांत गाळून मोकळं होतं! प्रवाह थांबला तर तासाभरात सगळी उपाशी.

तराफा म्हणजे लांबच लांब पंगत आणि प्रवाह हा तिचा वाढपी. पहिल्या पानांवर तो भरभरून वाढतो. शेवटच्या पानापाशी पोचतो तेव्हा भांड्यात काय उरलं आहे, हे तो किती भराभर चालतो आणि वाटेत किती पानं आहेत, यावर ठरतं.

तराफा 20 मीटर रुंद आणि प्रवाह मंद, सेकंदाला 2 सेंटिमीटर, असं धरून हिशेब केला, तर दिवसाला साधारण 4 लाख 15 हजार घनमीटर पाणी तराफ्याखालून जातं. 500 दोरांमधून जाताजाता त्यातलं अन्न घटत जातं आणि शेवटी 59 टक्केच उरतं. वरच्या जमाखर्चात ते घाला. पहिल्या रांगेतल्या शिनाणीकडे दिवसाला 100 ज्यूल शिल्लक आणि शेवटच्या रांगेत अवघे दोन-तीन. ती जिवंत आहे, पण वाढत नाही. सगळ्या तराफ्याची सरासरी निघते 47.

आता 500 ऐवजी 350 दोर लावा. सरासरी शिल्लक 47 वरून 61 वर जाते. दोर 30 टक्क्यांनी कमी झाले, पण सगळ्या तराफ्याची मिळून रोजची वाढ कमी झाली फक्त 9 टक्क्यांनी. बी, दोर, जाळी आणि मजुरी मात्र 30 टक्क्यांनी वाचली. शिवाय प्रत्येक शिनाणी 30 टक्के वेगाने वाढत असल्याने बाजारच्या आकाराला लवकर पोचते. हाच प्रवाह सेकंदाला 5-6 सेंटिमीटर असता, तर 500 दोरही सुखाने जेवले असते. म्हणजे 'किती दोर लावावेत' या प्रश्नाला सगळ्या खाडीसाठी एकच उत्तर नाही. तराफा नांगरला आहे तिथला प्रवाह किती, हे आधी विचारावं लागतं.

हे सगळं समीकरण न लिहिताही तिथल्या दर्यावर्दींच्या हातात आहे. बी दोराला बांधून, वर पातळ जाळी गुंडाळून तो पाण्यात सोडतात. जाळी थोड्याच दिवसांत कुजून जाते, तोवर शिनाण्यांनी स्वतःच्या धाग्यांनी दोर पकडलेला असतो. झुबका घसरू नये म्हणून दोरात थोड्या थोड्या अंतरावर आडव्या खुंट्या अडकवलेल्या असतात. काही महिन्यांनी दोर इतका दाट होतो की आतल्यांना पाणी मिळेनासं होतं. मग तो वर ओढतात, शिनाण्या मोकळ्या करतात, आकारानुसार निवडतात आणि एका दोराचे दोन-तीन दोर करतात. याला ते 'देसदोब्ले' म्हणतात. भाताची रोपं तरव्यातून उपटून लावणी करावी, तसाच हा प्रकार. दाटी आधी मोडायची आणि मग पीक घ्यायचं.

खाडीची तीन घड्याळं

एका तराफ्याचं गणित जमलं तरी तराफ्याच्या मागे तराफा आहे. अरोसात दोन हजारांवर. वरच्याच आकड्यांनी सगळ्यांचा मिळून हिशेब केला, तर दिवसाला जवळजवळ अर्धा घन किलोमीटर पाणी गाळलं जातं. सगळ्या दोरांवर एकाच वेळी मोठ्या शिनाण्या नसतात, म्हणून ही वरची मर्यादा समजा. तरी रियातलं सगळं पाणी शिनाण्यांच्या कल्ल्यांतून एकदा जायला नऊ-दहा दिवसच लागतात.

हे जास्त आहे की कमी? रिचर्ड डेम आणि थेओ प्रिन्स यांनी 1998 साली अशा खाड्यांची तुलना करताना तीन घड्याळं शेजारी ठेवली. पहिलं: खाडीतलं पाणी बाहेरच्या समुद्रातल्या पाण्याने बदलायला किती दिवस लागतात. दुसरं: वनस्पती-प्लवक स्वतःला दुप्पट करायला किती दिवस घेतं. तिसरं: शिंपले सगळं पाणी गाळायला किती दिवस घेतात. तिसरं घड्याळ पहिल्या दोघांपेक्षा पुढे धावायला लागलं, की खाडी आपल्या शेतीचं ओझं पेलेनाशी होते. मग नवा दोर म्हणजे नवं पीक नव्हे. शेजाऱ्याच्या दोरावरचं पीक तेवढं आपल्याकडे येतं.

अरोसा तगून आहे ती वाऱ्यामुळे. वसंतापासून उन्हाळ्यापर्यंत किनाऱ्यावर उत्तरेचे वारे वाहतात. पृथ्वीच्या फिरण्यामुळे ते वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर लोटतात आणि त्या जागी खालून थंड, क्षारांनी समृद्ध पाणी वर येतं. ते रियात शिरतं, सूर्यप्रकाश मिळताच प्लवक फोफावतं आणि पहिली दोन्ही घड्याळं झपाट्याने धावू लागतात. शिनाण्यांच्या मलमूत्रातले क्षारही पुन्हा प्लवकाच्या उपयोगी पडतात. आपल्याकडे शेतकरी आभाळाकडे पाहतो, तिथे उत्तरेकडे पाहतात.

पाण्यातून कधी नको ते पाहुणेही येतात. डायनोफायसिस नावाच्या प्लवकामुळे शिनाणीच्या मांसात असं विष साठतं की खाणाऱ्याचं पोट बिघडतं. तपासणीत ते सापडलं की काढणी बंद. शिनाणी मजेत वाढत असते आणि मालक काठावर हात चोळत बसतो. वाढीच्या प्रारूपात त्या दिवसांसाठी रकाना नाही.

हिरव्या शिनाणीचा पावसाळा

हाच जमाखर्च आपल्या किनाऱ्यावर आणला, तर त्यातली खाती बदलतात. 1970 च्या दशकात दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत डॉ. एस. झेड. कासिम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तराफ्यावरून दोर सोडून हिरव्या शिनाणीची लागवड करून पाहिली आणि 1977 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. व्यापारी पातळीवर ही शेती रुजली ती 1990 च्या दशकात, उत्तर केरळात. कासरगोड जिल्ह्यातल्या पडन्ना भागात महिलांच्या बचत गटांनी ती हाती घेतली. तिथे शिनाणीला कल्लुम्मक्काया म्हणतात. साधारण नोव्हेंबर-डिसेंबरात बी दोराला बांधायचं, उथळ खाडीत बांबूच्या मांडवाला टांगायचं आणि पाच-सहा महिन्यांत काढायचं.

गॅलिसियात वर्ष-दीड वर्ष आणि इथे अर्धं वर्ष! पाणी वर्षभर ऊबदार, त्यामुळे जातीने वेगवान शिनाणी झपाट्याने भरते. पण इथल्या हिशेबात तापमान हे मुख्य खातं नाही. तापमान फारसं हलतच नाही. मुख्य खातं खारेपणाचं. जूनमध्ये पाऊस कोसळला, की नद्यांचं गोडं पाणी खाडीत उतरतं आणि खारट पाणी काही दिवसांत जवळजवळ गोडं होतं. शिनाणी शिंपा मिटून घेते. शिंपा मिटला की आवक शून्य, पण देखभालीचा खर्च चालूच. तोही ऊबदार पाण्यातला, म्हणजे चढा. कोठार काही दिवसच पुरतं. त्यामुळे इथे प्रारूपाला विचारायचा प्रश्न 'शिनाणी किती मोठी होईल' हा नसतो. 'पहिल्या पावसाआधी ती विकण्याजोगी होईल का' हा असतो. बी पंधरा दिवस उशिरा बांधलं तर काय होईल, हे आधी पाहता येणं, यात त्या बायकांचं वर्षभराचं उत्पन्न अडकलेलं असतं.

पोट कळलं, पान कळलं नाही

इतक्या नेटक्या हिशेबात एक खातं मात्र उधारीचं आहे. प्रत्येक डेब प्रारूपात एक आकडा असतो: पाण्यात किती अन्न असलं की शिनाणी तिच्या कमाल वेगाच्या निम्म्या वेगाने खाते. पुस्तकी नाव अर्धसंपृक्तता. आपण त्याला निम्म्या भुकेचा आकडा म्हणू. देखभालीचा खर्च, कप्प्याचं प्रमाण, तापमानाचा परिणाम हे जातीचे गुण आहेत. एका खाडीत काढले की दुसरीतही चालतात. हा आकडा मात्र चालत नाही. नॉर्वेच्या नितळ फियॉर्डमध्ये एक बसतो, फ्रान्सच्या गढूळ उपसागरात वेगळा. प्रत्येक ठिकाणी आधी शिनाण्या वाढवायच्या, मोजायच्या आणि रेषा जुळेपर्यंत आकडा फिरवायचा.

शिनाणीची भूक खाडीगणिक बदलते, असं नाही. बदलतं ते आपण 'अन्न' म्हणून जे मोजतो ते. हरितद्रव्य हा जेवणाचा रंग आहे, जेवण नव्हे. तेवढंच हरितद्रव्य डायाटम नावाच्या टपोऱ्या प्लवकात असू शकतं किंवा इतक्या सूक्ष्म पेशींमध्ये की त्या कल्ल्यांच्या चाळणीतून निसटून जातात. कॅनडात प्रिन्स एडवर्ड आयलंडच्या काही दाट लागवडीच्या उपसागरांत नेमकं हेच दिसलं. मोठ्या पेशी शिनाण्यांनी सतत गाळून नेल्या आणि उरली ती बारकी, निसटणारी जमात. हरितद्रव्य मोजणारा म्हणेल पाण्यात अन्न आहे, शिनाणी म्हणेल माझ्या पानात काही नाही. याच्या उलट, कुजलेल्या वनस्पतींचे कण, जिवाणू, सूक्ष्म प्राणी यांच्यावरही ती गुजराण करते आणि त्यांत हरितद्रव्य नसतं. उपग्रहावरून पाण्याचा रंग रोज मोजता येतो, पण तो वरच्या थराचा. दोर 12 मीटर खाली गेलेला असतो.

या सगळ्या न मोजलेल्या गोष्टी निम्म्या भुकेच्या एका आकड्यात कोंबलेल्या आहेत. म्हणून चांगला संशोधक रेषा फार सुरेख जुळली की खूश होण्याआधी हा आकडा पाहतो. शेजारच्या खाड्यांपेक्षा तो फारच वेगळा निघाला, तर समजायचं, शिनाणीच्या पोटात नाही, आपल्या बाटलीतल्या पाण्यात काहीतरी हुकलं आहे.

मग यारीजवळ उभ्या असलेल्या मालकाला या प्रारूपाचा काय उपयोग? येत्या 15 ऑक्टोबरला तुझी शिनाणी अमुक ग्रॅमची असेल, असं ते छातीठोकपणे सांगू शकत नाही; वारा आणि प्लवक दोन्ही त्याच्या हाताबाहेर आहेत. पण दोन पर्यायांपैकी कोणता बरा, हे ते सांगू शकतं, कारण तिथे अन्नाच्या आकड्यातली चूक दोन्ही पारड्यांत सारखीच पडते. तराफा प्रवाहाला आडवा नांगरावा की उभा. देसदोब्ले एक महिना आधी केली तर. मधल्या दोन रांगा यंदा मोकळ्या ठेवल्या तर.

दुपारी होडी धक्क्याला लागते. प्रवाहाच्या बाजूच्या दोरांचा माल पेट्यांत भरला जातो. मागच्या बाजूच्या दोरांवरच्या शिनाण्या आकाराने निवडून, नव्या जाळीत गुंडाळून पुन्हा पाण्यात जायच्या आहेत. त्या परत मागेच बांधल्या, तर त्या अजून दोन-तीन ज्यूलांवरच दिवस काढतील. म्हणून या वेळी त्यांना पुढच्या रांगेत जागा मिळते.